आधी टाळं, मग सुनावणी



पांझरेच्या काठावरच्या या धुळ्यात कागदांविषयी बोलायचं तर जपूनच बोलावं लागतं. इतिहासाचार्य राजवाडे जन्मभर जुन्या कागदांमागे गावोगाव हिंडले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी याच गावात देह ठेवला. त्यांचं दप्तर सांभाळणारं संशोधन मंडळही इथलंच. मी आज ज्या कागदाबद्दल बोलणार आहे तो मात्र कुणी सांभाळून ठेवत नाही. तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येतो. चौकट असते, अक्षर मुंगीएवढं, वर बँकेचं नाव आणि त्याखाली ठळक शब्द: ताबा सूचना. पुढे ‘ज्याअर्थी’ने सुरू होऊन ‘त्याअर्थी’वर संपणारं एकच लांबलचक वाक्य. मग कर्जदाराचं नाव, बायकोचं नाव, गट नंबर, प्लॉट नंबर, आणि चतुःसीमा. पूर्वेस कॉलनीचा रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर. आपण चहा पिता पिता ते पान उलटतो. ओळखीचं नाव दिसलं तरच थांबतो, आणि थांबतो तेही हळहळायला की चघळायला, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

त्या चौकटीतल्या घरावर निकाल कुणी दिला, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का? कोणत्या न्यायाधीशानं? कोणत्या तारखेला? साक्षी कुणाच्या झाल्या? उलटतपासणी कुणी घेतली?

कुणीच नाही. निकाल झालेलाच नाही. ज्यानं कर्ज दिलं त्यानंच हिशेब केला, त्यानंच थकबाकीदार ठरवलं, त्यानंच नोटीस काढली आणि त्याच्याच अधिकाऱ्यानं दारावर कागद चिकटवला. हे बेकायदा नाही. पूर्णपणे कायदेशीर आहे. म्हणूनच त्यावर बोलायला हवं.

मी कोण, हे आधी सांगून टाकतो. धुळे आणि जळगाव या दोन जिल्हा न्यायालयांत मी चाळीस वर्षं वकिली केली. त्यातली निम्मी वर्षं बँकांच्या आणि पतसंस्थांच्या बाजूनं. जप्तीच्या वेळी दारात उभा राहिलेला माणूस मी आहे. पुढे पक्षकार बदलले, खुर्ची बदलली. त्यामुळे आज बँकेला दिलेल्या शिव्या ऐकायच्या म्हणून कुणी आलं असेल तर त्याची निराशा होईल, आणि कर्ज बुडवणाऱ्याला चोर म्हटलेलं ऐकायला कुणी आलं असेल तर त्याचीही.

आधी जुनी रीत समजून घेऊ. घर गहाण ठेवून घेतलेलं कर्ज फिटलं नाही तर सावकारानं दिवाणी कोर्टात गहाणाचा दावा लावायचा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ३४. कोर्ट दोन्ही बाजू ऐकणार आणि मग प्राथमिक हुकूमनामा करणार. या शब्दातला ‘प्राथमिक’ महत्त्वाचा. पैसे देणं आहे हे सिद्ध झाल्यावरसुद्धा कोर्ट कर्जदाराला सहा महिन्यांपर्यंत मुदत देणार, ती वाढवूही शकणार, आणि तरीही भरले नाहीत तर अंतिम हुकूमनामा, मग विक्री. म्हणजे निकाल लागल्यावरही माणसाला दम खायला जागा होती. दोष एकच, पण तो भयंकर. हे सगळं व्हायला दहा-पंधरा वर्षं लागत. दाव्यातला वादी म्हातारा होई, प्रतिवादी मरून जाई, आणि वारसांना पक्षकार करण्यातच दोन वर्षं जात.

मग दुसरी वाट होती समरी दाव्याची. ऑर्डर ३७. लेखी करार आहे, ठरलेली रक्कम आहे, सही आहे, मग भांडण कशाचं? अशा दाव्यात प्रतिवादीला बचाव करायचा हक्क आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हायचं, पुढे निकालाचं समन्स आलं की पुन्हा दहा दिवसांत बचावाची परवानगी मागायची. बचावात काही दम दिसला तर परवानगी, शंका असेल तर ‘आधी इतके पैसे भरा, मग बोला’, आणि बचाव पोकळ असेल तर सरळ निकाल वादीच्या बाजूनं. झटपट. पण लक्षात घ्या, इथंही मधे एक माणूस बसलेला आहे. न्यायाधीश कागद वाचतो. पाच मिनिटं वाचत असेल, पण वाचतो. त्यातही या दाव्यात पैशांचा हुकूमनामा मिळतो, गहाण घर विकण्यासाठी तो मार्गच नव्हे.

आपल्या खानदेशात याहून ओळखीची वाट तिसरी. एकशे एकचा दाखला. इथं बसलेल्या किती जणांच्या घरात हा शब्द येऊन गेला असेल, मी हात वर करायला सांगणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६०, कलम १०१. पतसंस्थेनं निबंधकाकडे अर्ज करायचा, निबंधकानं त्याला योग्य वाटेल तेवढी चौकशी करायची आणि वसुलीचा दाखला द्यायचा. तो दाखला घेऊन विशेष वसुली अधिकारी निघाला की घराची जप्ती आणि विक्री. दाखला चुकीचा आहे असं म्हणायचं असेल तर कलम १५४ खाली फेरतपासणी मागता येते, पण त्याआधी येणे रकमेच्या निम्मे पैसे संस्थेत भरायचे. ज्याच्याकडे निम्मे पैसे असते तो थकला कशाला असता? हा प्रश्न मी बँकेच्या बाजूनं उभा असतानाही मला पडायचा. मी तो कोर्टात विचारत नसे, इतकंच.

आणि चौथी वाट, ज्या वाटेनं ती वर्तमानपत्रातली चौकट येते. २००२ चा सरफेसी कायदा. नाव इंग्रजी आद्याक्षरांचं, पण आता ते साक्री रोडवरच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. ‘त्याच्यावर सरफेसी लागली’ असं लोक म्हणतात, जसं पूर्वी ‘साडेसाती लागली’ म्हणत. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक. मग कलम १३(२) ची नोटीस, साठ दिवसांत सगळी रक्कम भरा. थकलेले हप्ते नव्हे, सगळं कर्ज. नाही भरलं तर १३(४), ताबा. आधी कागदोपत्री ताबा, म्हणजे दारावर नोटीस आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. मग जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १४ चा अर्ज, तहसीलदार, पोलीस बंदोबस्त, आणि प्रत्यक्ष ताबा. दिवाणी कोर्टाचं दार कलम ३४ नं बंद. कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं, पण ताब्याची कारवाई झाल्यावर, ४५ दिवसांच्या आत.

क्रम पाहिलात ना? जुन्या रीतीत सुनावणी, मग निकाल, मग मुदत, मग विक्री. या रीतीत आधी टाळं, मग सुनावणी, तीही तुम्ही दार ठोठावलंत तर. न ठोठावणाऱ्यासाठी सुनावणी नावाची गोष्टच नाही.

हा कायदा काही कुणा दुष्ट माणसानं रात्री बसून लिहिला नाही. बँकांचे पैसे अडकून पडले होते, नरसिंहम समितीनं १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये ते सांगितलं, १९९३ मध्ये वसुली न्यायाधिकरणं आली, तीही तुंबली. मग हा कायदा. त्याला आव्हान दिलं गेलं आणि ८ एप्रिल २००४ रोजी मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. दोन गोष्टी मात्र न्यायालयानं केल्या. न्यायाधिकरणात जायला आधी पाऊण रक्कम भरा ही अट रद्द केली. आणि नोटिशीला कर्जदारानं उत्तर दिलं तर बँकेनं ते विचारात घेतलंच पाहिजे, नाकारायचं तर कारणं कळवली पाहिजेत, असं सांगितलं. त्यातून पुढे कलम १३(३अ) आलं. त्या छोट्या कलमाकडे मी परत येणार आहे.

सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो का, यावरही वर्षानुवर्षं वाद चालला. मिटवला तो आपल्याच महाराष्ट्रातल्या एका बँकेच्या प्रकरणानं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडची विश्वासराव पाटील सहकारी बँक. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ५ मे २०२० रोजी, म्हणजे देश टाळेबंदीत घरात बसलेला असताना, सांगितलं की सहकारी बँकाही सरफेसी वापरू शकतात. घरात बसलेल्या किती जणांना तेव्हा कळलं असेल की घराच्या कुलपाची एक किल्ली आणखी एका हातात गेली?

आता जळगावकरांची दुसरी बाजू सांगतो, नाहीतर मी अर्धंच बोललो असं होईल. पतसंस्था बुडाली म्हणजे काय होतं, हे जळगाव जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, केळीच्या हंगामाचे पैसे, रेल्वेतून निवृत्त झालेल्या भुसावळकराचा फंड. ठेवीदारांचे मोर्चे निघाले, उपोषणं झाली. रायसोनी पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमला गेला, आणि पुढे अवसायनातल्या मालमत्तांची विक्री कशी झाली याचीच पोलीस चौकशी सुरू झाली. त्या काळात एक आजीबाई माझ्या ऑफिसात यायच्या. पावती घडी घालून पदराच्या गाठीत बांधलेली. त्यांना मी कर्जदाराच्या हक्कांविषयी काय सांगणार होतो? त्यांचे पैसे कुणाच्या तरी घरात, गाडीत, दुकानात अडकले होते, आणि तो माणूस तारखा घेत होता. वेगवान वसुली हवी, ही त्या आजीबाईंची मागणी रास्तच होती. आजही आहे.

मग माझं म्हणणं काय? वेग नको असं मी म्हणत नाही. टाळं लागायच्या आधी बँकेचा पगार न घेणाऱ्या एका माणसानं तो हिशेब एकदा वाचावा, एवढंच माझं म्हणणं आहे. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी तुमचा तासभर का घेतोय, तर ही साधी गोष्ट आपल्या मुलखात एकदा घडली होती आणि नंतर आपण ती विसरलो.

१८७५. मे महिन्याची १२ तारीख. पुणे जिल्ह्यातलं सुपं. कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि त्यांनी मागितलं काय? कागद. कर्जरोखे बाहेर काढा. आणि ते जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला. आयोगापुढे जे आलं ते आजच्या वकिलालाही ओळखीचं वाटेल. सावकार कोर्टात जातो, रोखा दाखवतो. कुणब्याला समन्स मिळतं किंवा मिळत नाही, मिळालं तरी तो तालुक्याला जायला घाबरतो, वाचता येत नाही, आणि निकाल एकतर्फी होतो. सही खरी, रक्कम लिहिलेली, कोर्टाला पुढे काही विचारायचं कारणच नाही. कायदा होता, निवाडा होता, फक्त कुणब्याचं म्हणणं कुणी ऐकलेलं नव्हतं.

त्यावर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. सुरुवातीला चार जिल्ह्यांना, नंतर खानदेशासह इतरत्रही लागू झाला. त्या कायद्यानं न्यायाधीशाला सांगितलं: रोख्यावर थांबू नकोस. रोख्याच्या मागं जा. मूळ मुद्दल किती दिलं होतं ते विचार, व्याज वेगळं मांड, व्याजावर व्याज किती चढलं ते बघ, दोघांनाही समोर बोलाव. आपल्या जुन्या धर्मशास्त्रातलं दामदुपट, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही, हेही त्यामागं होतंच. ब्रिटिश सरकार काही गरिबांचं कैवारी नव्हतं. त्याला दंगे नको होते आणि सारा वेळेवर हवा होता. पण कारण काहीही असो, एका परक्या सरकारला जे कळलं ते असं की कागद खरा असला तरी हिशेब खोटा असू शकतो.

गंमत पाहा, त्याच कायद्यात एक फट होती. शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता हुकूमनाम्यात जप्त करायची नाही, ती खास गहाण ठेवलेली असेल तरच. ही ‘खास गहाण’ची फट पुढच्या कायद्यांतही तशीच उतरत आली. आणि गृहकर्ज म्हणजे काय? सगळं घर त्या फटीत.

आता माझ्या एका पक्षकाराची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, बँकेचंही नाही. आपण त्यांना नाना म्हणू. देवपुरात राहायचे, एसटीतून निवृत्त. मुलाच्या नावानं आणि स्वतः सहकर्जदार होऊन त्यांनी पंधरा लाखांचं गृहकर्ज घेतलं. साल २०२१. वीस वर्षं मुदत, व्याज सात टक्के, हप्ता सुमारे ११,६३० रुपये. मुलगा पुण्याला कंपनीत. सगळं ठीक होतं. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. तरता दर होता, म्हणून नानांचा दर साडेनऊच्या आसपास गेला. आता तुम्हीच हिशेब करा. पंधरा लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याज होतं ११,८७५. हप्ता ११,६३०. मधल्या हप्त्यांनी मुद्दल थोडंसं उतरलं असलं तरी, हप्ता वेळेवर भरूनही तो जवळजवळ सगळा व्याजातच जायला लागला. मुद्दल उलट वाढत जाईल असं होऊ देऊ नका, कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत हे विचारा, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावलं. नानांना तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. पुढे बँकेनं हप्ता वाढवला, आणि त्याच सुमारास मुलाची नोकरी गेली.

नाना माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या पिशवीत चार पाकिटं होती. त्यातलं एकही फोडलेलं नव्हतं.

मी विचारलं, ‘नाना, ही उघडली का नाहीत?’

ते म्हणाले, ‘वकीलसाहेब, पहिला कागद तर मी लिधाच नही. पोस्टमनला परत धाडला. मग त्यांनी कुरियर केलं, ते सुनेनं घेतलं. ते मी देवघरात, फोटोमागं ठेवलं.’

देवघरात! नोटीस घेतली नाही म्हणजे ती मिळालीच नाही, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. नोंदणीकृत पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत गेलं की कायदा ते पोचलं असंच धरतो. नानांची साठ दिवसांची मुदत फोटोमागं संपली. ४५ दिवसांचीही संपून बारा दिवस झाले होते. मी कागद पसरले आणि खातेउतारा वाचायला बसलो. तिसऱ्या पानावर सापडलं. नानांनी शाखेत जाऊन रोखीनं भरलेले दोन हप्ते मुलाच्या सोनेतारण खात्यात जमा झाले होते. पावत्यांवर गृहकर्जाचा खाते क्रमांक स्वच्छ लिहिलेला. ते दोन हप्ते योग्य खात्यात पडले असते तर बँकेनं लिहिलेल्या तारखेला खातं एनपीए झालंच नसतं. म्हणजे ती नोटीसच वेळेआधीची.

कुणाचा दोष? लबाडी होती का? मला वाटत नाही. काऊंटरवरच्या मुलानं चुकून वेगळं खातं टाकलं. अशा चुका होतात. पण शाखेनं पुढे हिशेब पाठवला, प्राधिकृत अधिकाऱ्यानं त्यावर नोटीस काढली, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज गेला, आणि या सगळ्या साखळीत त्या दोन पावत्या आणि तो उतारा शेजारी शेजारी ठेवून बघणारा एकही माणूस नव्हता. कायद्यानं तसा माणूस ठेवलेलाच नाही. कलम १४ खाली जिल्हाधिकारी बँकेचं शपथपत्र पाहतो, त्यात नऊ मुद्दे आहेत का ते पाहतो. वाद सोडवणं त्याचं काम नाही, असं न्यायालयांनीच वारंवार सांगितलं आहे.

आणि हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत कित्येक राज्यांत घरावरची जप्ती कोर्टातून होते, आणि बँका तिथं समरी निकाल मागतात: वाद नाही, हे आमच्या अधिकाऱ्याचं शपथपत्र, निकाल द्या. २०१० मध्ये उघडकीला आलं की एकेक कर्मचारी महिन्याला दहा-दहा हजार कागदांवर न वाचता सह्या ठोकत होता. न्यायाधीश शपथपत्र पाहत होते, शपथपत्र करणारा काहीच पाहत नव्हता. २०१२ च्या फेब्रुवारीत पाच मोठ्या बँकांनी ४९ राज्यांशी सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड केली. इंग्लंडनं मात्र १९७० मध्येच कायद्यात एक कलम घातलं: राहत्या घराचा ताबा मागायला बँक कोर्टात आली आणि कर्जदार वाजवी मुदतीत थकबाकी भरू शकेल असं दिसलं, तर कोर्ट ताबा लांबणीवर टाकू शकतं. ज्यांच्याकडून आपण समरी दावा घेतला, त्यांच्याकडून हे घ्यायचं मात्र राहून गेलं.

थोडं विषयांतर करतो, पण ते इथल्या श्रोत्यांसाठी आवश्यक आहे. जळगाव शहर स्वतः एका गृहकर्जाचं थकबाकीदार होतं, हे विसरू नका. नगरपालिकेनं हजारो घरकुलांसाठी हुडको या सरकारी गृहवित्त कंपनीकडून कर्ज घेतलं. घरकुलं अर्धवट राहिली, कर्ज मात्र पूर्ण वाढलं. गुन्हा दाखल झाला, आणि याच धुळ्यातल्या विशेष न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, त्यावर मी बोलणार नाही. मला सांगायचंय ते कर्जाचं. त्या थकबाकीपायी महापालिकेची बँक खाती गोठवली गेली, हे खरं. पण चर्चा झाल्या, बैठका झाल्या, मुंबईला फेऱ्या झाल्या, तडजोडी झाल्या, वर्षामागून वर्षं मुदत मिळाली. महापालिकेच्या सतरा मजली इमारतीला कुणी टाळं लावलं का? लावायला नकोच होतं. शहराला मुदत मिळाली याचं मला दुःख नाही. देवपुरातल्या नानांना साठ दिवस आणि शहराला इतकी वर्षं, एवढंच मी मांडतो. एकाच्या बाजूनं बोलायला माणसं होती.

नानांचं पुढे काय झालं? संभाजीनगरच्या न्यायाधिकरणात जायचं ठरलं. धुळ्याहून कन्नडचा घाट चढायचा, जळगावकरांनी अजिंठ्याचा. एका तारखेला एक दिवस आणि हजार-दीड हजार रुपये, वकिलाची फी वेगळी. विलंबमाफीचा अर्ज, त्यावर बँकेचं म्हणणं, पुढची तारीख. तिथं हरलं तर अपील मुंबईला, आणि अपिलासाठी निम्मी रक्कम भरायची, फार तर ती पाव टक्का, माफ करा, पाव हिश्श्यावर येऊ शकते. (कर्जावर बोलताना माझी जीभ टक्क्यांकडेच वळते.) नाना म्हणाले, ‘साहेब, मी घाट चढू का नातवाची फी भरू?’

लिलावाची जाहिरात अजून निघालेली नव्हती. ही गोष्ट फार महत्त्वाची, ती लिहून घेतलीत तरी चालेल. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच सगळे पैसे भरून घर सोडवता येतं. एकदा ती प्रसिद्ध झाली की ते दार बंद, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं. आम्ही त्या पावत्या घेऊन शाखेत गेलो. शाखाधिकारी नवा होता, तरुण, चोपड्याकडचा. त्यानं पावत्या पाहिल्या, उतारा पाहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘काका, हे मला दोन महिन्यांपूर्वी कुणी दाखवलं असतं तर.’

ते दाखवायची जागा कायद्यात होती. तेच ते कलम १३(३अ). नोटीस मिळाल्यावर एक पानाचं उत्तर. वकील लागत नाही, स्टॅम्प लागत नाही, कोर्टाची फी नाही. दोन पावत्यांच्या झेरॉक्स जोडून ‘हे हप्ते कुठं गेले?’ एवढं एक वाक्य लिहिलं असतं, तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागलं असतं. नकार दिला असता तरी तो लेखी आला असता, आणि पुढे न्यायाधिकरणात तोच कागद नानांच्या बाजूनं उभा राहिला असता. या सगळ्या कायद्यात ताब्याची कारवाई व्हायच्या आधी कर्जदाराला तोंड उघडायला दिलेली ही एकच जागा. ऐकणारा बँकच आहे, हे मान्य. पण जागा आहे. माझ्याकडे आलेल्या शंभरातल्या किती जणांनी ती वापरली होती, ते मोजायला एक हात पुरेल.

का वापरत नाहीत? लाज. खानदेशात माणूस कर्जाबद्दल शेतात बोलेल, बांधावर बोलेल, सोसायटीचं कर्ज थकलं तर पारावर बसून सरकारला शिव्या देईल. शेतीच्या कर्जाला गाव सोबत असतं. शेतजमिनीला तर या कायद्यानंच बाहेर ठेवलंय, कलम ३१ खाली. पण कॉलनीतल्या घराचं कर्ज थकलं तर तो एकटा. शेजाऱ्याला कळू नये म्हणून पोस्टमनला परत पाठवतो, आणि दोन महिन्यांनी तीच बातमी चतुःसीमेसकट वर्तमानपत्रात येते. त्यात पश्चिमेस शेजाऱ्याचं नावही असतं.

नानांनी शेवटी घर स्वतःच विकलं. बँकेनं दंडव्याज सोडलं, हप्त्यांची चूक दुरुस्त केली, आणि गिऱ्हाईक आणायला तीन महिने दिले. साक्री रोडकडचा एक कंत्राटदार मिळाला, भावही लिलावाच्या राखीव किमतीपेक्षा चांगला मिळाला. कर्ज फिटून वर थोडे उरले. आता ते त्याच देवपुरात दोन खोल्यांत भाड्यानं राहतात. हा विजय होता असं मी कधी म्हटलं नाही, त्यांनीही नाही. किल्ली त्यांनी स्वतःच्या हातानं गिऱ्हाइकाला दिली, एवढा फरक पडला.

आता माझी मागणी. मी आमदार नाही, खासदार नाही, पण बोलायला काय जातं? राहत्या घराच्या बाबतीत, एका ठरावीक रकमेखालच्या कर्जाला, प्रत्यक्ष ताब्याआधी एक सुनावणी असावी. जिल्ह्याच्याच गावी. तीस दिवसांत संपणारी. वर्षानुवर्षांच्या तारखा मला नकोत, त्या आजीबाईंची पावती मी विसरलेलो नाही. पण कुणीतरी उतारा समोर ठेवावा, पावत्या समोर ठेवाव्यात, दोघांना एका टेबलाशी बसवावं आणि इंग्लंडसारखं विचारावं: हा माणूस थकबाकी भरू शकेल का, किती दिवसांत? नाही भरू शकत, तर घर जाईल. जाऊ द्या. पण १८७९ मध्ये न्यायाधीशाला जे करायला सांगितलं होतं, तेवढं आजच्या उपजिल्हाधिकाऱ्याला जमणार नाही असं मला वाटत नाही.

घड्याळाकडे अध्यक्ष दोनदा पाहून झाले आहेत, म्हणून थांबतो. प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवलाय असं मला सांगितलं आहे. पण अनुभवानं मला माहीत आहे, या विषयावर सभागृहात कुणी प्रश्न विचारत नाही. ते बाहेर, चपला घालताना, हळूच विचारतात, आणि तेही ‘माझ्या एका मित्राचं असं झालंय’ अशा सुरुवातीनं. तेव्हा मी चपलांच्या स्टँडजवळच खुर्ची टाकून बसतो, अर्धा तास. ज्यांच्या मित्रांनी पाकीट आणलं असेल त्यांनी ते घेऊन यावं. फोडलेलं नसेल तरी चालेल, कात्री माझ्याकडे आहे.